घरभर स्टुलं

आमच्या घरात पाठ टेकायला जागा नाही, अशी आईची तक्रार होती आणि ती अगदी खरी होती. जयपूरच्या या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सोफा नाही. जेवणाच्या टेबलाशीसुद्धा खुर्च्या नाहीत. आहेत ती स्टुलं. बुटकी, उंच, लाकडी, लोखंडी, वेताची, काही माझ्याहून म्हातारी आणि काही गेल्या महिन्यातली. बघणाऱ्याला वाटतं, हिला घर सजवायचा झटका आलाय. येऊ दे वाटायला. सुरुवात सजावटीसाठी झालीच नव्हती, मला फक्त तो सोफा घराबाहेर काढायचा होता.

मी गेल्या वर्षीच्या होळीच्या सुमाराला पुण्याहून परत आले, नवऱ्याचं घर सोडून. बाबा बँकेत, त्यांची इथे बदली झाली तेव्हा मी शाळेत होते, तेव्हापासून आम्ही इथलेच. कोरड्या हवेत बाबांचा दमा बरा राहतो म्हणून निवृत्तीनंतरही ते साताऱ्याला परत गेले नाहीत. मी शिकले इथे, लग्न होऊन गेले पुण्याला, आणि सहा-सात वर्षांनी दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिले. आईनं दार उघडलं, बॅगांकडे पाहिलं आणि शेजारच्या काकूंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "आलीस का माहेरपणाला? ये ये!"

पुढचं वर्षभर ती हेच सांगत राहिली. दूधवाल्या भैयापासून महाराष्ट्र मंडळातल्या बायकांपर्यंत सगळ्यांना. माहेरपणाला आलीय. वर्षभर कसलं आलंय माहेरपण? पण विचारायची सोय नव्हती. लगेच डोळ्यांना पदर.

मंडळातल्या मावश्या यायच्या. आमचा तपकिरी रेक्झिनचा सोफा चांगला ऐसपैस होता. सुरुवातीला त्या कडेला टेकून बसत. ऊन किती वाढलंय, यंदा कैऱ्याच मिळाल्या नाहीत, असं सगळं होई. मग चहा येई. मग मावशी हळूच मागे सरकत, उशी मांडीवर घेत, पाठ टेकत. की आलाच प्रश्न. "मग? परत कधी जायचं?" आणि त्यानंतर, आवाज खाली आणून, "मारायचा का गं?"

नाही मारायचा. हे मी इतक्यांदा सांगितलं की मलाच ते त्याचं कौतुक वाटायला लागलं. मारत नव्हता, पीत नव्हता, पगार घरी आणत होता. मग काय दुखलं तुझं? खरं काय ते मी आईला एकदाच सांगून पाहिलं होतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, फोनवर. म्हटलं, आई, तो माझ्याशी बोलत नाही. आई हसली. "अगं, तुझे बाबा तरी कुठे बोलतात? पेपरात तोंड घातलं की संपलं!" त्यानंतर मी तो विषय काढला नाही. काढून काय सांगणार होते? बोलत नाही याची खूण अंगावर थोडीच दाखवता येते.

तर, माझ्या लक्षात आलं की माणूस पाठ टेकल्याशिवाय खासगी विचारत नाही. एका दुपारी आई मंडळात गेली असताना मी सोफा वरच्या मजल्यावरच्या विद्यार्थ्यांना देऊन टाकला. पोरांनी 'दीदी, सच में?' म्हणत मिनिटभरात उचलला. मग लगोलग रिक्षा करून मी मुढे आणले. मुढा म्हणजे सरकंडा नावाच्या गवताच्या काड्यांचं डमरूच्या आकाराचं स्टूल, वर सुतळीची वीण, खाली जुन्या टायरचं रबर. जयपूरच्या रस्त्यांच्या कडेला त्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात.

आई परत आली. "सोफा कुठाय?"

"गेला."

"गेला म्हणजे? पायांनी चालत गेला?" मग मुढ्यांकडे बघून, "आणि हे काय? आपण काय ढाबा काढलाय?"

बाबा एका मुढ्यावर बसून पाहत होते. म्हणाले, "सर्कशीत हत्तीला बसवतात तसं वाटतंय. पण वाईट नाही." आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पेपर शोधायला उठले.

मावश्या आल्या, मुढ्यावर टेकल्या. ऊन झालं, कैऱ्या झाल्या, चहा झाला. मागे सरकायला गेल्या आणि मागे काहीच नव्हतं! थोड्या वेळानं कंबरेवर हात गेला, आणि 'चला, निघते बाई, गुडघे धरतात' म्हणत उठल्या. प्रश्न न विचारता. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसले. पुण्याहून आल्यापासूनचं ते पहिलं हसणं.

मग मात्र मला त्याचं वेडच लागलं. सांगानेरला हातकागदाच्या कारखान्यात मी डिझाइनचं काम करते. येताना बस सोडून चारदीवारीतल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातल्या, जुन्या सामानाच्या गल्लीत घुसायची. तिथून एका सोनाराच्या पेढीवरचं बसून बसून मधोमध खोलगट झालेलं स्टूल आणलं. सांगानेरमधूनच एक बुटकी चौकी मिळाली, पूर्वी छपाईवाले खाली बसून जिच्यावर कापड पसरायचे ती. तिच्यावरचे निळे-लाल डाग मी पुसू दिले नाहीत. आणि त्या म्हाताऱ्या स्टुलांच्या शेजारी मुद्दाम आजकालची ठेवली. काळ्या सळ्यांच्या पायांचं एक, एकात एक बसणारी तीन, आणि ओट्यापाशी एक उंच, चारही पायांना जोडणारी गोल कडी असलेलं. ते बाबांनी बळकावलं. त्यावर बसून ते मटार सोलतात आणि खिडकीतून रस्त्यावर लक्ष ठेवतात.

चुकाही केल्या. पहिल्यांदा सगळी एकाच उंचीची मांडली, तर दिवाणखाना दवाखान्यासारखा दिसायला लागला. मग कळलं, उंची वरखाली हवी, आणि जुन्या जड लाकडाजवळ हलकंफुलकं काहीतरी हवं, नाहीतर दोन्ही रुसून बसल्यासारखी दिसतात. कुंडीखाली एक, दिव्याखाली एक, पुस्तकांखाली एक. उरलेली माणसांना. रविवारी सकाळी उन्हाची तिरीप त्या खोलगट स्टुलावर पडते तेव्हा मला फार बरं वाटतं. पुण्यातल्या घरात मी एक खिळासुद्धा माझ्या मनानं ठोकला नव्हता.

एका गोष्टीला मात्र आईनं हात लावू दिला नाही. माझ्या लग्नातले दोन पाट. शिसवी, चारी कोपऱ्यांत पितळी फुलं जडवलेले, आजोळहून आलेले. मला चारदीवारीत सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रीजींकडून एका पाटाला पाय लावून हवे होते.

"पाटाला हात लावायचा नाही," आई म्हणाली.

"कपाटामागे धूळ खात पडलेत की."

"खाऊ देत. तो येईल तेव्हा लागतील."

म्हणजे ती वाटच पाहत होती. मला रडूही आलं आणि रागही. दार आपटून मी गच्चीत जाऊन बसले, अर्थात स्टुलावर.

यंदा ऐन उन्हाळ्यात अधिक महिना आला. स्वयंपाकघरात तांदूळ भिजत घातलेले दिसले. आई रोज त्यांचं पाणी बदलत होती. मला वाटलं, इडली. मग ते तांदूळ पंच्यावर वाळायला पसरले, मला वाटलं, पापड्या. महाराष्ट्रात वाढलेली कुठलीही मुलगी ते पाणी बदलताना बघून समजली असती. मी जयपूरमध्ये वाढलेली, मी इडलीच्या चटणीसाठी नारळ आणला. आईनं तो मुकाट्यानं ठेवून घेतला.

त्या शनिवारी संध्याकाळी कारखान्यातून आले, तर घर रिकामं. सगळी स्टुलं गच्चीत एकावर एक रचलेली. दिवाणखान्याच्या मधोमध ते दोन पाट शेजारी शेजारी, भोवती रांगोळी, समोर निरांजनाचं तबक. तुपात तळल्याचा वास दरवाज्यापर्यंत आला होता. आत फक्त बाबांचं उंच स्टूल शिल्लक होतं, कारण त्यावर बाबा बसले होते आणि उतरायला तयार नव्हते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"अधिक महिना आहे," आई कढईवरून नजर न काढता म्हणाली. "जावयाला अनारसे द्यायचे असतात. तेहतीस. तीन वर्षांनी येतो हा महिना."

"कुठला जावई?"

"उगीच वाकड्यात शिरू नकोस. कागद झालेत का तुमचे? नाही ना? मग तो जावईच. ऑफिसच्या कामाला दिल्लीला आलाय. मी फोन केला तर लगेच येतो म्हणाला. किती गोड बोलला!"

गोड बोलतो हे मलाही ठाऊक होतं. मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मलाही सकाळीच कळलं." माझे हातपाय गार पडले, मे महिन्यात, जयपूरमध्ये. निघून जावं असं वाटलं. पण जायचं कुठे? जायची एकच जागा होती आणि तिथेच हे चाललं होतं.

तो आला. आईबाबांच्या पाया पडला. "आई, तुम्ही तर आणखी तरुण दिसताय," म्हणाला. आईचा चेहरा फुलला. माझ्यावरून त्याची नजर गेली आणि भिंतीवरच्या घड्याळावर थांबली. मधे मी उभी होते हे त्याला दिसलंच नाही. ती नजर मी चांगली ओळखते.

तो पाटावर बसला. आईनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. पुढ्यात ताट आलं. मग आई मला म्हणाली, "बस ना गं शेजारी."

मी उभीच राहिले.

तो आईकडे बघून हसला. "आई, तिला सांगा, बसायचं नसेल तर राहू दे. मी काही जबरदस्ती करत नाही."

मी हात लांब केला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता, एवढी जवळ होते. आईला वाटलं, चेष्टा आहे. ती हसत म्हणाली, "अहो, ही काय समोर उभी. तुम्हीच सांगा की."

"तिला म्हणावं पाणी आण. फ्रिजमधलं नको."

"मी इथे आहे," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला. "मी तुझ्यासमोर उभी आहे."

त्यानं अनारशाचा तुकडा मोडला. "आई, अनारसे झकास जमलेत. जाळी काय सुरेख पडलीय."

आईचा हात पदरापाशी होता, तो तिथेच थांबला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला. आधी डोळ्यांतलं गेलं, ओठांवरचं बिचारं तसंच राहिलं.

बाबा स्टुलावरून खाली उतरले. आयुष्यभर ग्राहकांशी नम्रपणे बोललेला माणूस, तसंच बोलले. "जावईबापू, माझी मुलगी तुमच्याशी बोलली."

"ऐकलं बाबा," तो तितक्याच शांतपणे म्हणाला. "आमचं हे असंच असतं. तिला तिची चूक कळली की बोलतो मी. कधी आठवडा लागतो, कधी महिना. आता वर्ष लागलंय, काय करणार! घराला शिस्त लागते. तुम्ही जरा समजावून सांगा तिला."

आणि त्यानं दुसरा अनारसा उचलला. आता आई काय म्हणेल, एवढंच मला कळायला हवं होतं. ती 'हो, सांगते' म्हणाली असती तर मी काय केलं असतं, मला आजही माहीत नाही.

आई पाटापाशी आली. ती वाकली. माझ्यासाठी मांडलेला रिकामा पाट तिनं उचलला, रांगोळी पुसली गेली तरी बघितलं नाही, आणि तो भिंतीला उभा करून ठेवला. आमच्याकडे जेवणं आटोपली की पाट असे उचलून भिंतीला लावतात. त्याचं ताट अजून भरलेलं होतं. मग ती परत आली आणि दुसऱ्या पाटापाशी, त्याच्या डोक्याशी, हात पुढे करून उभी राहिली.

"आई, माझं व्हायचंय अजून," तो म्हणाला.

"होय की. उठा आता."

तो उठला. मी त्याला असं, काय करावं न कळून उभं राहिलेलं पहिल्यांदाच पाहिलं. आईनं तोही पाट भिंतीला लावला. मग उरलेले अनारसे मोजून डब्यात भरले आणि डबा त्याच्या हातात दिला. "अधिकाचं वाण घरात ठेवायचं नसतं. घेऊन जा." शेवटी माझी आई आहे ती. रीत सोडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीतून स्टुलं आत आणत होते. आई गॅसपाशी होती, बाबा त्यांच्या जागेवर.

"असं कधीपासून?" बाबांनी विचारलं.

"पहिल्या दिवाळीपासून."

आईनं गॅस बंद केला. माझ्याकडे पाठ करूनच तिनं विचारलं, "मग जेवायचीस कुठं?"

तिनं दुसरं काहीही विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. वकिलांनी विचारलं, मैत्रिणींनी विचारलं, पण हे कुणी विचारलं नव्हतं.

"स्वयंपाकघरात," मी म्हटलं. "तो बोलत नसला की टेबलाशी यायचं नाही, असं होतं. ओट्याखाली एक निळं प्लॅस्टिकचं स्टूल होतं, त्याच्यावर बसून."

आई वळली. तिनं घरभर नजर फिरवली. मुढे, सोनाराचं स्टूल, डागाळलेली चौकी, काळ्या पायांचं, एकात एक बसणारी, आणि माझ्या हातात होतं ते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात चक्क राग. "आणि तरी तू घरभर स्टुलंच आणलीस?"

"ही मी आणलीयत, आई."

तिला ते पटलं की नाही, देव जाणे. ती जवळ आली, माझ्या हातातलं स्टूल काढून घेतलं, जमिनीवर आपटलं आणि मला त्यावर दाबून बसवलं. पोहे पुढ्यात ठेवले. मी खाईपर्यंत शेजारी उभी राहिली. बाबा खिडकीबाहेर बघत होते आणि मधूनमधून चष्मा काढून पुसत होते.

आठवड्यानं आईनं स्वतःच कपाटामागचे पाट काढले. जुन्या साडीत गुंडाळून म्हणाली, "चल, तुझ्या त्या मिस्त्रीकडे." भर उन्हात, ई-रिक्षात, दोन पाट मांडीवर घेऊन आम्ही चारदीवारीत गेलो. मला वाटलं, पाय लावायला. आई तिच्या हिंदीत त्यांना समजावत होती, मतलब असं करायचं, मतलब तसं करायचं. मी मधे पडले तर मला गप्प बसवलं. एक पाट बसायला, दुसरा मागे उभा. चार पाय. आणि हात नकोत, उठताना अडचण होते.

"दोनों का एक कर दूँ?" मिस्त्रीजींनी पितळी फुलांवरून बोट फिरवत खात्री करून घेतली.

"एकच. तिच्या एकटीपुरतं," आई मराठीतच म्हणाली. त्यांना ते कळलं.

खुर्ची झाली ती काही फार देखणी नाही. जरा जड आहे, एक पाय किंचित आखूड आहे, खाली पुठ्ठ्याची घडी घालावी लागते. माझ्या इतर मांडणीत ती बसत नाही. मी तिला तीनदा हलवून पाहिलं, शेवटी खिडकीपाशी ठेवली. लग्न मोडलं म्हणून अजून रात्री-अपरात्री छातीत धडधडतं, कागद अजून व्हायचेच आहेत, त्याच्या वकिलाची पत्रं येतात. ते दुखणं लाकडानं थोडंच जाणार आहे.

परवा मंडळातल्या मावशी आल्या. सगळी स्टुलं नजरेखालून घातली आणि खिडकीजवळची खुर्ची दिसताच त्यांचा जीव भांड्यात पडला. "बाई बाई, मिळाली एकदाची पाठ टेकायला जागा!" म्हणत त्या तिकडे निघाल्या.

"तिथं नको," आई म्हणाली. "ती हिची आहे."

"अगं, माहेरपणाला आलेल्या मुलीची कसली गं खुर्ची?"

"माहेरपणाला नाही आलेली," आई म्हणाली. "राहायला आलीय." आणि मुढा पायानं पुढे सरकवून तिनं मावशींना चहा दिला.